झोपेतून केलेली खूण: स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेतल्या एका नवख्याचं प्रकरण

दुपारी आई दाराशी येऊन हळूच विचारते, ‘झोपलास का रे?’ आणि आतून पोरगं म्हणतं, ‘हो.’ घरोघरी हसून झालेला हा विनोद. १९५९ साली नॉर्मन माल्कम या अमेरिकी तत्त्वज्ञाने याच विनोदावर गंभीरपणे एक पुस्तक लिहिलं. ‘मी झोपलोय’ हे विधानच निरर्थक आहे, असं त्याचं म्हणणं होतं. माणूस खरोखर झोपला असेल तर तो काही म्हणू शकत नाही. म्हणत असेल तर झोपलेला नाही.

त्यानंतर एकोणीस वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या एका विद्यार्थ्याने तो ‘हो’ प्रयोगशाळेत, साक्षीदारासमोर, कागदावर उमटवून दाखवला. विद्यार्थ्याचं नाव स्टीफन लाबर्ज. स्वप्न चालू असताना ‘हे स्वप्न आहे’ असं कळणं, म्हणजे सजग स्वप्न किंवा ल्युसिड ड्रीम, हा त्याचा विषय. खूण जानेवारी १९७८ मध्ये उमटली. झोपेचा अभ्यास करणाऱ्या मंडळींनी ती आपली म्हणून स्वीकारायला १९८१ चा जून उजाडला. हे प्रकरण त्या साडेतीन वर्षांचं आहे. स्वप्नात उडता येतं का, हवं ते घडवता येतं का, हे प्रश्न लोकांना जास्त रंजक वाटतात. मला मात्र दुसरंच कुतूहल आहे: बाहेरून आलेल्या माणसाची स्वतःपुरती खात्री बाकीच्यांच्या हिशोबात जमा कशी होते?

माणूस

लाबर्ज यांचा जन्म १९४७ चा. ॲरिझोना विद्यापीठातून गणिताची पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला रासायनिक भौतिकी शिकायला गेले आणि ते शिक्षण मध्येच सोडलं. १९७७ मध्ये परत आले ते मन आणि शरीर यांच्या संबंधाचा अभ्यास करणाऱ्या सायकोफिजिऑलॉजीत पीएचडी करायला. निद्राविज्ञानात त्यांची पाटी कोरी होती.

स्वप्नात मात्र ते नवखे नव्हते. पाचेक वर्षांचे असताना समुद्राखालच्या चाच्यांचं एक स्वप्न त्यांना मालिकेसारखं पडायचं. पाण्याखाली बराच वेळ गेल्यावर ‘आपण श्वास कसा घेतोय?’ अशी धास्ती वाटायची, आणि मग आठवायचं, की या स्वप्नात पाण्यातही श्वास घेता येतो. मोठं होता होता हे विसरून गेलं. पुढे पालो आल्टोच्या सार्वजनिक वाचनालयात सीलिया ग्रीन या इंग्रज लेखिकेचं याच विषयावरचं १९६८ चं पुस्तक हाती लागलं आणि कळलं, की आपण एकटे नाही. या प्रकाराला नाव आहे आणि इतिहासही आहे. ‘ल्युसिड ड्रीम’ हा शब्द रुळवला फ्रेडरिक व्हॅन एडेन या डच मनोविकारतज्ज्ञाने, १९१३ सालच्या निबंधात. १८९८ ते १९१२ या काळात त्याने स्वतःच्या अशा ३५२ स्वप्नांची नोंद ठेवली होती.

माहितीला तोटा नव्हता, पण ती सगळी ‘मला असं झालं’ या जातीची होती. आपल्याकडे जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि त्यापलीकडची तुरीया ही विभागणी मांडूक्य उपनिषदापासून आहे. तिबेटी बौद्धांत स्वप्नयोगाची रीतसर साधना आहे. मात्र ती साधना साधकाला सिद्ध होते. शेजारी बसलेल्याला नुसता घोरणारा माणूस दिसतो.

वही

लाबर्ज यांनी फेब्रुवारी १९७७ मध्ये स्वप्नवही सुरू केली. तिचे आकडे १९८० साली एका छोट्या शोधनिबंधात आले. अभ्यासाचा विषय एकच व्यक्ती, आणि ती व्यक्ती म्हणजे स्वतः लेखक. तीन वर्षांत ३८९ सजग स्वप्नं. पहिले सोळा महिने झोपताना स्वतःला नुसतं बजावायचं, ‘आज सजग स्वप्न पडू दे.’ त्याने महिन्याला सरासरी ५.४ पडली, एखाद्या महिन्यात एक, एखाद्यात तेरा. मग त्यांनी एक पद्धत बसवली. ती वापरल्यावर सरासरी २१.५ वर गेली आणि कधी कधी एका रात्रीत चार-चार.

पद्धत इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘माइल्ड’ म्हणून ओळखली जाते. पहाटे स्वप्नातून जाग आली, की आधी ते स्वप्न पूर्ण आठवायचं. परत डोळा लागत असताना मनाशी ठरवायचं, ‘पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा हे स्वप्न आहे हे मला आठवेल.’ आणि त्याच स्वप्नात आपण परत गेलोय, तिथली एखादी विचित्र गोष्ट खटकली आणि आपल्याला उमगलं, असं चित्र डोळ्यांपुढे आणायचं. झोप लागेपर्यंत हेच.

यात गूढ काही नाही. ऑफिसला निघताना घरातून आवाज येतो, ‘येताना कोथिंबीर आणा.’ संध्याकाळी भाजीवाल्याची गाडी दिसली की ते आठवतं, किंवा आठवत नाही. पुढे करायच्या गोष्टीची आठवण एखाद्या खुणेला बांधून ठेवायची, एवढाच हा खेळ. फक्त भाजीवाला स्वप्नात भेटणार असतो. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण आपण आरशासारखी वापरतो, स्वप्नावरून मन ओळखायला. लाबर्ज यांनी ती कृतीसारखी वापरली: दिसावंसं वाटतं ते आधी मनी वसवायचं.

मी स्वतः तीनेक महिने अशी वही ठेवून पाहिली आहे. दर चार दिवसांनी एसटी चुकायची. गाडी सुटलेली, हातात बोचकं, चप्पल एकच. इतक्यांदा चुकूनही ‘अरे, हे तर नेहमीचं स्वप्न’ हे मला एकदाच सुचलं, आणि त्या आनंदातच जाग आली. नवख्यांचं सर्रास असंच होतं. लक्षात आल्याच्या उत्साहानेच स्वप्न विरतं. हे लाबर्ज यांनाही मोक्याच्या रात्री भोवलं, ते पुढे येईलच.

वहीतल्या आकड्यांबद्दल माझा एक आक्षेप आहे. ५.४ वरून २१.५ ही उडी पद्धतीची, की सोळा महिन्यांच्या सरावाची, की पीएचडी पुरी करायच्या निकडीची, हे एका माणसाच्या वहीतून वेगळं काढता येत नाही. आपल्या इच्छेची तीव्रता हे कारणांपैकी एक आहे, हे खुद्द त्यांच्याही लक्षात आलं होतं. पुराव्यापेक्षा हे निमंत्रण जास्त होतं: या, तुम्हीही करून बघा.

अडचण कुठे होती

१९५३ मध्ये शिकागोत ॲसरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतली एक वेगळी अवस्था ओळखली. तीत डोळे पापण्यांखाली झरझर फिरतात. तिला पुढे रेम झोप म्हणू लागले. ठळक, गोष्टीसारखी स्वप्नं बहुतेक याच अवस्थेत पडतात. मेंदू या वेळी जागेपणासारखाच गजबजलेला असतो आणि शरीराचे स्नायू जवळजवळ लुळे. नाहीतर स्वप्नात धावणारा माणूस खाटेवरून पडला असता.

अशा अवस्थेत विचारपूर्वक वागणारं, आठवण शाबूत असलेलं भान असू शकतं, हे तज्ज्ञांना पटण्यासारखं नव्हतं. सोपं स्पष्टीकरण तयार होतं. १९७३ मध्ये श्वार्ट्झ आणि लफेव्र यांनी दाखवलं होतं, की रेम झोप सलग नसते. तिच्यात अर्धवट जागेपणाचे क्षण येऊन जातात. मग हे सजग स्वप्नवाले त्या क्षणांनाच स्वप्न समजत असणार. शिकागोचे ॲलन रेक्टशाफन यांनी १९७८ मध्ये एका लेखात मांडलं, की स्वप्नाचा स्वभावच एकमार्गी आहे. त्यात बुडालेल्याला बाजूला होऊन ‘हे काय चाललंय’ असं बघता येत नाही.

हे आक्षेप आडमुठे नव्हते. झोपेतून उठून सांगितलेली गोष्ट शेवटी जागेपणीच सांगितलेली असते. ती कधी घडली, घडली की नाही, की उठताना जुळवली, हे सांगणाऱ्यालाही ठामपणे सांगता येत नाही. त्यामुळे आणखी शंभर माणसांनी शपथेवर सांगूनही काही हललं नसतं. खूण झोपेच्या आतूनच यायला हवी होती.

ती कुठून येईल, याचं उत्तर तज्ज्ञांच्याच जुन्या नोंदींत होतं. रेम झोपेत डोळ्यांचे स्नायू लुळे पडत नाहीत. विल्यम डिमेंट यांच्या सुरुवातीच्या नोंदींत एक किस्सा आहे: एका झोपलेल्याचे डोळे ठरावीक लयीत डावीकडे-उजवीकडे गेले, उठवून विचारलं तर तो स्वप्नात टेबल टेनिसचा सामना बघत होता. स्वप्नातली नजर फिरली की खरी बुबुळं फिरतात, निदान कधी कधी. मग स्वप्नातल्या माणसाने आधी ठरवून, ठरलेल्या पद्धतीने नजर फिरवली तर? तेच डिमेंट आता स्टॅनफर्डमधल्या निद्राकेंद्राचे प्रमुख होते. लाबर्ज यांनी तिथले संशोधक लिन नेगल यांना गाठलं आणि कल्पना मांडली.

शुक्रवारची रात्र

दिवस १३ जानेवारी १९७८, शुक्रवार. तेरा तारखेचा शुक्रवार म्हणजे तिकडची अमावास्या. लाबर्ज डोक्याला, डोळ्यांच्या कडांना आणि हनुवटीला इलेक्ट्रोड चिकटवून झोपले. शेजारच्या खोलीत नेगल रात्रभर पॉलिग्राफपाशी बसले. या यंत्राच्या लेखण्या सरकत्या कागदावर एकेक रेघ ओढत असतात: मेंदूच्या लहरींची, डाव्या-उजव्या डोळ्याची, हनुवटीच्या स्नायूची. एका रात्रीत काही शे मीटर कागद संपतो.

साडेसात तास काहीच झालं नाही. मग झोपलेल्या लाबर्ज यांना जाणवलं, की आपल्याला काहीच दिसत नाही, ऐकू येत नाही, म्हणजे आपण झोपलेले असणार. आणि झोपलोय ते प्रयोगशाळेत. एवढ्यात समोरून काहीतरी तरंगत गेलं. व्हॅक्यूम क्लीनरसारख्या कुठल्याशा यंत्रासोबत मिळते ती माहितीपुस्तिका. विज्ञानाच्या इतिहासातला मोठा क्षण आणि त्यात दर्शन कोणाचं, तर वापरायच्या सूचनांचं! ते तिच्यावरचा मजकूर वाचायला गेले, तसं चित्र स्थिरावलं, हात दिसू लागले, स्वप्नातलं शरीर आलं. ठरल्याप्रमाणे त्यांनी एक बोट डोळ्यांपुढे उभ्या रेषेत वर-खाली नेलं आणि नजर त्याच्यामागे फिरवली. जमलं, या आनंदात काही सेकंदांत सगळं विरलं.

उठल्यावर दोघे कागदावर वाकले. तेरा मिनिटांच्या रेम झोपेच्या अगदी शेवटी, जाग यायच्या आधी, डोळ्यांच्या दोन मोठ्या हालचाली उमटल्या होत्या.

दोन हालचालींवर दुनिया डोलत नाही. जागेच्या इतक्या जवळची खूण म्हणजे ‘अर्धवट जागा होता’ म्हणायला आयती सोय. त्यामुळे पुढच्या रात्रींत खुणा अवघड करत नेल्या. त्यातली एक मला फार आवडते. मुठी आवळून मोर्स लिपीत स्वतःची आद्याक्षरं लिहायची: डावी मूठ म्हणजे टिंब, उजवी म्हणजे रेघ. डावी, डावी, डावी. मग डावी, उजवी, डावी, डावी. झाले एस आणि एल. स्वप्नात मुठी कडकडून आवळलेल्या, अंथरुणावरचे हात स्वस्थ. हाताच्या स्नायूंच्या रेघेवर मात्र त्याच क्रमाने बारीकशी झटक्यांची ओळ. झोपेत केलेली सही.

परीक्षक

इथवरचं काम हुशार विद्यार्थ्याचं होतं. पुढचं काम चतुर माणसाचं आहे, आणि माझ्या मते प्रकरणाची कळ तिथे आहे. स्वतः लाबर्ज धरून पाच जण, चौतीस रात्री, पस्तीस सजग स्वप्नं. त्यांपैकी तीस वेळा स्वप्न पाहणाऱ्याने सांगितलं, की मी खूण केली. ही सांगणी आणि त्या रात्रींचे कागद एका परीक्षकाकडे दिले. कोणतं सांगणं किती वाजताचं, हे त्याला माहीत नव्हतं. झोपेचा कागद तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत वाचतात. खूण कोणत्या तुकड्यात आहे, ते परीक्षकाने शोधायचं. तीसपैकी चोवीस वेळा त्याने बरोबर तुकडा काढला, आणि सगळ्या खुणा निःसंदिग्ध रेम झोपेत होत्या. खुणेनंतरही ती झोप सरासरी मिनिटभर चालूच होती; एकदा तर साडेसात मिनिटं.

रेम झोप ‘निःसंदिग्ध’ ठरवायचे नियम होते १९६८ च्या प्रमाण पुस्तिकेतले, आणि तिचे संपादक होते रेक्टशाफन आणि केल्स. होय, तेच रेक्टशाफन. स्वप्नाला स्वतःकडे बघता येत नाही म्हणणाऱ्याच्याच फूटपट्टीने मोजून नवख्याने माप दिलं. आता ‘तो जागा होता’ म्हणायचं तर फूटपट्टीच मोडावी लागणार होती.

परत आलेली पाकिटं

तरीही पाकिटं परत आली. १९८० च्या मार्चमध्ये या प्रयोगाचा निबंध ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकाला गेला. छापण्याआधी निबंध तपासणाऱ्यांपैकी एका परीक्षकाने उचलून धरला. दुसऱ्याचं म्हणणं असं, की माणूस स्वप्नही बघतोय आणि त्याच वेळी बाहेर खुणाही करतोय, अशी कल्पना करणंच अवघड आहे. कागदातला दोष कोणी दाखवला नाही, आपल्या कल्पनाशक्तीची मर्यादा तेवढी कळवली. माल्कम यांचा भोपळा पुन्हा चौकात. ‘नेचर’ने विषय पुरेसा सर्वसाधारण आवडीचा नाही म्हणून न तपासताच परत केला. सुधारून ‘सायन्स’ला पुन्हा पाठवला, पुन्हा नकार. शेवटी १९८१ मध्ये ‘पर्सेप्चुअल अँड मोटर स्किल्स’ या कमी मानाच्या नियतकालिकात तो छापून आला. लेखकांत लाबर्ज आणि नेगल यांच्यासोबत डिमेंट आणि झारकोन ही त्या केंद्रातली वजनदार नावं होती.

जूनमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या हायनिस पोर्टला निद्रासंशोधकांची वार्षिक परिषद भरली. स्टॅनफर्डच्या मंडळींनी तिथे निबंध वाचले, आलेख समोर ठेवले. ज्यांना छापील निबंधाने पटलं नव्हतं त्यांतल्या बऱ्याच जणांना आलेखाने पटलं, आणि ते स्वाभाविक आहे. निद्रातज्ज्ञ रोज असे कागद वाचतात. त्यांच्यासाठी ती रेघच साक्ष.

हलमधला कागद

आता या प्रकरणाचा कोपऱ्यात राहिलेला भाग. १२ एप्रिल १९७५ च्या सकाळी, म्हणजे स्टॅनफर्डच्या पावणेतीन वर्षं आधी, इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न या संशोधकाच्या पॉलिग्राफवर अशीच खूण उमटली होती. झोपलेले होते ॲलन वर्स्ली, लहानपणापासून सजग स्वप्नं बघणारे. खूण डावी-उजवी अशी आठ वेळा, रेम झोपेत. कल्पना तीच, यंत्र तेच, पुरावा तोच. हर्न यांनी १९७८ मध्ये लिव्हरपूल विद्यापीठाला सादर केलेल्या पीएचडी प्रबंधात तो घातला. लाबर्ज यांच्या म्हणण्याप्रमाणे स्टॅनफर्डला याची खबर नव्हती.

पहिला मान हर्न आणि वर्स्ली यांचा, यात शंका नको. ‘पहिले कोण’ यावर अजून भांडणारे लोक मात्र मला कंटाळवाणे वाटतात. लक्ष द्यावं ते हलचा कागद कपाटात का राहिला याकडे. हर्न यांच्यापाशी रेघ होती, वर्स्ली यांच्यासारखा पक्का स्वप्नदर्शी होता. नव्हती ती गर्दी: कागद वाचणारा त्रयस्थ परीक्षक, सोबत सही करणारा डिमेंट, आलेख हातोहात फिरवायला परिषद. लाबर्ज नवखे होते खरे, पण बसले होते ते तज्ज्ञांच्या माजघरात. तीन नकार पचवायला चिकाटी लागते, तशी पाठीमागे संस्थाही लागते. हे गुणवत्तेच्या गोष्टींत सहसा सांगत नाहीत.

बाजू लंगडी कुठे आहे, तेही सांगायला हवं. पाच निवडक, तयारीची माणसं, आणि त्यांत संशोधक स्वतःच. अशी स्वप्नं जमतात कोणाला, किती सहज, याचं उत्तर त्या निबंधात नाही. पुढे २०१६ मध्ये निरनिराळी सर्वेक्षणं एकत्र करून पाहिली तेव्हा आयुष्यात एकदा तरी सजग स्वप्न पडलेली माणसं ५५ टक्के निघाली आणि महिन्यातून एकदा किंवा जास्त वेळा पडणारी २३ टक्के. म्हणजे १९८० सालीही ‘कल्पना करणं अवघड’ म्हणणाऱ्याच्या कचेरीतल्या निम्म्याअधिक लोकांना ते पडून गेलेलं असणार. कोणी बोललं नाही, इतकंच.

बाकी हिशोब काळाने चुकता केला. २०१८ मध्ये लाबर्ज, बेर्ड आणि झिम्बार्डो यांनी दाखवलं, की स्वप्नातल्या हलत्या बोटामागे डोळे सलग, गुळगुळीत फिरतात, जागेपणी खरी वस्तू बघताना फिरतात तसेच. डोळे मिटून नुसती कल्पना केली तर ते अडखळत उड्या मारतात. १९७८ च्या त्या बोटाचाच हा वाढवलेला प्रयोग. छापला ‘नेचर कम्युनिकेशन्स’ने, म्हणजे ‘नेचर’च्याच घराण्यातल्या नियतकालिकाने.

आणि २०२१ मध्ये अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या चार प्रयोगशाळांनी उलट दिशेचा प्रयत्न केला: बाहेरून प्रश्न, आतून उत्तर. ३६ जण सहभागी झाले. प्रश्न १५८ वेळा विचारले. बहुतेक वेळा काहीच उत्तर नाही, २९ वेळा बरोबर उत्तर. त्यांत १९ वर्षांचा एक अमेरिकी होता. तो रेम झोपेत असताना विचारलं, आठातून सहा गेले किती? तीनेक सेकंदांत त्याचे मिटलेले डोळे दोनदा डावीकडे-उजवीकडे गेले. प्रश्न पुन्हा विचारला. पुन्हा दोन.